जुन्या बार्बर जाकिटाला घरी मेण लावणं, फाटलेला खिसा आणि पुण्याचा पावसाळा

टाइनकाठचा :
सेकंडहँड बार्बर बोफर्ट घेतलंय, म्हणजे बार्बर या ब्रिटिश कंपनीचं मेण लावलेल्या सुती कापडाचं जाकीट, सेज (करड्या हिरव्या) रंगाचं. लेबलवर तीन राजचिन्हं आहेत. अस्तर आणि चेन धडधाकट आहेत, पण बाकी तक्रारी अशा:

कोपर आणि खांद्यांवर कापड फिकं पडलंय, तिथून पाणी आत येतं. पाठीवर पांढरट डाग आहेत. ती बुरशी की जुनं मेण, कळत नाही. उजव्या खिशाचा वरचा कोपरा दीडेक इंच फाटलाय. वास तर विचारूच नका.

मेण घरी लावावं की बार्बरच्या कारखान्यात पाठवावं? घरी लावायचं तर नेमकं कसं? मेणबत्ती आणि अळशीचं तेल एकत्र करून स्वस्तात काम होईल का? आणि जूनमध्ये पुण्याला येणार आहे, तेव्हा हेच रेनकोट म्हणून चालेल का?

मेणकापड :
आधी डागांचा निकाल लावा. हेअर ड्रायर मध्यम आचेवर ठेवून डागावर अर्धा मिनिट फिरवा. डाग विरघळून कापडाच्या रंगात मिसळला तर ते वर आलेलं मेण आहे, काळजी नाही. डाग तसाच राहिला, ठिपक्याठिपक्यांचा दिसला आणि कुबट वास आला तर बुरशी. मग जाकीट बाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं कोरडंच झटका. नंतर पांढरं व्हिनेगर आणि गार पाणी समप्रमाणात घेऊन फडक्यानं पुसा आणि सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. बुरशी धाग्यात उतरली असेल तर ठिपक्यांची खूण राहील, ती जात नाही. पण बुरशीवर मेण चढवू नका, ती आत कोंडली जाते आणि वास कायमचा बसतो.

सफाई म्हणजे गार पाणी आणि स्पंज, बस. साबण नको, गरम पाणी नको, वॉशिंग मशीन तर नकोच, ड्रायक्लीनिंगही नको. या सगळ्यांनी मेण निघून जातं, आणि एकदा कापड असं कोरडं पडलं की नंतर लावलेलं मेण जागोजागी वेगवेगळं शोषलं जातं, चट्टे दिसतात. अस्तरही ओल्या फडक्यानं पुसण्यापलीकडे काही करू नका.

आता मेण. बार्बरचंच थॉर्नप्रूफ ड्रेसिंग घ्या, २०० मिलीचा डबा. तुमचं जाकीट इतकं कोरडं आहे तर एक डबा पूर्ण लागेल असं धरून चाला. झाकण काढून डबा उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवा, पाणी डब्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत. १५-२० मिनिटांत मेण तेलासारखं पातळ होतं. पाण्याचा थेंब डब्यात जाऊ देऊ नका. गॅसवर थेट किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही: एक तर ते पेटतं, दुसरं म्हणजे डबा धातूचा आहे.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरा, खोली उबदार ठेवा. स्पंजच्या कोपऱ्यानं थोडं मेण घेऊन एका वेळी एकच पट्टा घ्या आणि चोळून जिरवा. मेण गोठायला लागलं की पाणी बदला. अर्धवट गोठलेलं मेण लावलं की गुठळ्या राहतात, बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. शिवणी, कोपर, खांदे, खिशांच्या झाकणांच्या कडा आणि चेनवरच्या पट्टीची आतली बाजू दोनदा करा. शिवणींना आतून टेप नसते, तिथे पाणी अडवतं ते मेणच. कॉर्डुरॉय कॉलर, अस्तर आणि हात ऊबेला घालायच्या खिशांचं मऊ कापड यांना मेण लागू द्यायचं नाही.

मग हेअर ड्रायर एक वीत अंतरावरून सतत हलवत फिरवा. चकाकी जाऊन रंग एकसारखा गडद झाला की पुरे. एकाच जागी धरून ठेवलात तर मेण पलीकडे अस्तरावर उतरतं आणि तेलकट डाग पडतो. शेवटी कोरड्या सुती फडक्यानं जास्तीचं मेण पुसून घ्या आणि रात्रभर एकटं टांगा, दुसऱ्या कपड्यांना चिकटणार नाही असं. पहिले काही आठवडे फिक्या रंगाच्या सोफ्यावर किंवा गाडीच्या सीटवर टेकू नका.

मेण वर्षातून एकदा पुरतं. पाठीवर सॅक अडकवणाऱ्यांचं मात्र खांद्यावरचं मेण पट्ट्यांनी घासून आधीच जातं. तुमच्या जाकिटाच्या आधीच्या मालकाची तीच सवय असावी.

अळशीचं तेल यावर वेगळं लिहितो. पूर्वी शिडाच्या कापडाला तेच लावत. ते हवेशी संयोग होऊन वाळतं, पिवळं पडतं, थंडीत कडक होऊन तडकतं. म्हणून तर उद्योगानं ते सोडून पॅराफिनवर आधारलेलं मेण घेतलं. आणि त्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ढीग केला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. नुसतं मधमाश्यांचं मेण लावलं तर थंडीत घडीच्या रेषेवर पांढऱ्या चिरा पडतात. १० पौंड वाचवायला हा उद्योग करू नका.

सुईदोरा :
मेणाच्या आधी खिसा. क्रम उलटा केलात तर ताज्या मेणावर मशीनचा पाय सरकत नाही, टाका वाकडा जातो.

मेणकापडाला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, त्यामुळे टाचण्या लावू नका, क्लिपा लावा. आणि उसवून पुन्हा शिवायची वेळ येऊ देऊ नका. ठिगळासाठी मेणकापडच घ्या: डंडीची हॅली स्टीव्हन्सन्स (१८६४) आणि रॉचडेलची ब्रिटिश मिलरेन (१८८०) ही जुनी नावं आहेत, त्यांचं कापड किरकोळीत मिळतं. मूळ कापड साधारण ६ औंसांचं असतं. त्याहून जाड घेतलंत तर ठिगळाच्या कडेला नवी फाट सुरू होते.

ठिगळ फाटीपेक्षा चारही बाजूंनी अडीच सेंटीमीटर मोठं आणि कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. कडा आत दुमडताना इस्त्री वापरायची नाही, मेण वितळतं. चमच्याच्या पाठीनं घासून घडी बसवा. सुई ९० नंबरची, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, दोरा पॉलिएस्टर. बारीक टाका घातला तर भोकांची रांग तिकिटाच्या छिद्रांसारखी होऊन कापड तिथेच फाटतं. खिशाचा कोपरा हा ताण येणारा भाग, म्हणून आतून लहानसं मजबूत कापड ठेवून दोन्ही टोकांना आडवे टाके घाला. काम झालं की सुई फेकून द्या आणि मशीनचे दात ब्रशनं साफ करा, नाहीतर पुढचा पांढरा कपडा मेणानं माखेल.

चिकटणारी तयार ठिगळं घेऊ नका. मेणावर गोंद धरत नाही.

जुनाबाजार :
वरच्या दोघांशी मी अर्धाच सहमत. दीड इंचाची फाट आणि कोपऱ्याचं मजबुतीकरण साध्या घरच्या मशीनवर पहिल्यांदाच करणाऱ्यानं करू नये. कारखान्यात मेण आणि दुरुस्ती दोन्ही होतं, आणि खिसा उघडून अस्तराला न दुखवता परत बसवायचं कसब त्यांच्याकडे आहे. आधी स्वच्छ करून पाठवा, मळलेलं जाकीट ते हातात घेत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर रांग लांबते, तेव्हा एप्रिल-मे बरा.

कंपनी १८९४ मध्ये जॉन बार्बर यांनी साउथ शील्ड्समध्ये सुरू केली, बंदरातल्या खलाशी आणि गोदी कामगारांना तेलकापडाचे कपडे पुरवण्यासाठी. आजही ती कुटुंबाच्याच मालकीची आहे आणि अध्यक्षपद मार्गारेट बार्बर यांच्याकडे. नेहमीची मेणाची जाकिटं साउथ शील्ड्सच्या सायमनसाइड कारखान्यात शिवली जातात. मात्र बार्बर नावाच्या टीशर्ट, स्वेटर, चपला सगळ्या तिथल्याच समजू नका, लेबल वाचा.

तुमच्या तीन चिन्हांचा अर्थ: प्रत्येक चिन्ह म्हणजे राजघराण्याचा पुरवठादार असल्याचं एक मान्यतापत्र. ड्यूक ऑफ एडिनबराचं (राणी एलिझाबेथचे पती) १९७४ चं, राणीचं १९८२ चं, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचं (चार्ल्स) १९८७ चं. म्हणजे एक चिन्ह असेल तर १९७४ ते ८२, दोन असतील तर १९८२ ते ८७, तीन असतील तर १९८७ नंतरचं. तुमच्या बाबतीत एवढ्यावरून फारसं कळत नाही, कारण तीन चिन्हांची लेबलं दीर्घकाळ चालू होती. पण विक्रेता 'सत्तरीच्या दशकातलं' म्हणाला असेल तर तो चुकीचा आहे, एवढं नक्की.

जाताजाता, ते बोफर्टच आहे ना बघा. मागच्या घेरात शिकारीचा मोठा आडवा खिसा असेल आणि बाह्यांच्या आत विणलेले कफ नसतील तर बोफर्ट. विणलेले कफ आणि मागे बटणांच्या दोन फटी असतील तर ते बीडेल, घोडेस्वारांसाठी आखूड केलेलं.

टाइनकाठचा :
खिसा आहे, कफ नाहीत, म्हणजे बोफर्टच. ड्रायरनं पांढरे डाग गेले. खिसा कारखान्यात पाठवतो, त्यांच्याकडूनच मेणही लावून घेतो. पुण्याचं राहिलं.

मेणकापड :
पुण्यात रेनकोट म्हणून नाही. हे कापड थंड, वाऱ्याच्या रिपरिपीसाठी आहे. २५ अंश आणि ८५-९० टक्के दमटपणात आतला घाम बाहेर पडत नाही, अर्ध्या तासात आतूनच ओले व्हाल. आणि स्कूटरवर येणारा तिरका जोरदार पाऊस शिवणींतून आत येतोच. साधा प्लास्टिकचा रेनकोट तिथे जिंकतो.

सोबत नेलंच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवू नका, जुलैअखेर बुरशी हमखास. रुंद हँगरवर, हवा खेळेल अशा ठिकाणी, भिंतीपासून चार बोटं लांब टांगा. दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली तासभर. उन्हात घालू नका आणि मे महिन्यात बंद गाडीत तर विसरूच नका, मेण पातळ होऊन सीटवर उतरतं आणि ते निघत नाही. आणि प्रवासाच्या लगेच आधी मेण लावून घेऊ नका. परत आल्यावर सप्टेंबरात लावा, हिवाळ्यापर्यंत ते चांगलं मुरलेलं असेल.