व्हॉल्व्ह रेडिओ: वीस मिनिटांनी आवाज फाटतो, ईएल८४ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज

पाचोरेकर:
पाच व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) एसी रेडिओ सेट: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ (स्पीकर चालवणारा), ईझेड८० (एसीचा डीसी करणारा). फिल्टरचे दोन्ही कंडेन्सर नवे टाकले (४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट), हम (सततची घरघर) गेला. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं झकास, मग आवाज फाटतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मेणाचा वास येतो. पिकअपच्या सॉकेटला फोन जोडला तरी तेच.

ईएल८४ ची रीडिंग, चासीपासून (धातूच्या सांगाड्यापासून), व्होल्टमध्ये:
सुरुवातीला: एचटी (सेटचा मुख्य डीसी पुरवठा) २४८, पिन ३ (कॅथोड) वर ८.२, पिन २ (ग्रिड) वर ०.
वीस मिनिटांनी: एचटी २२६, पिन ३ वर ११.४, पिन २ वर अधिक ६.८.

कॅथोडला १५० ओहम, ग्रिडला ६८० के (किलोओहम). ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (मेणकागदी, आधीच्या व्हॉल्व्हकडून ग्रिडला आवाज पोचवणारा) सोडवून मीटरवर पाहिला, ओपन दाखवतो. मग व्हॉल्व्हच गेला का? नवा मागवू?

तापीकाठ:
थांबा भाऊ, व्हॉल्व्ह मागवू नका. पिकअपवरही फाटतो म्हणजे आरएफ-आयएफचा (स्टेशन पकडणाऱ्या भागाचा) संबंध सुटला. आता तुमचेच आकडे बघा. ६.८ भागिले ६८० के, म्हणजे १० मायक्रोअँपिअर. कपलिंग कंडेन्सरमधून एवढी गळती झाली तरी ग्रिडचं व्होल्टेज वर ओढायला पुरते. ११.४ भागिले १५० म्हणजे ७६ मिलिअँपिअर. सुरुवातीला ५५ च होते. त्यात बाकीच्या व्हॉल्व्हचे वीसेक धरा, ईझेड८० ची ९० ची मर्यादा ओलांडली. एचटी उगाच नाही बसत.

मीटर ओपन दाखवतो कारण तो दोन-चार व्होल्टवर मोजतो, तेही कंडेन्सर थंड असताना. सेटमध्ये त्याच्यावर ऐंशीच्या आसपास व्होल्ट असतात आणि शेजारी तापलेला ईएल८४. मेणकागदाची गळती उष्णतेने वाढते. मे महिन्यात भुसावळला हाच दोष पाच मिनिटांत दिसेल.

खात्री अशी करा: सेट बंद, प्लग काढा, फिल्टरचे कंडेन्सर १० के, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करा आणि मीटरने शून्य बघा. मग कपलिंगचं फक्त ग्रिडकडचं टोक सोडवून सेट वीस मिनिटं चालवा (आवाज येणार नाही, येऊ नये). पिन २ शून्यावर राहिली तर दोष कंडेन्सरचा. तरीही पॉझिटिव्ह चढली तर मात्र व्हॉल्व्ह गॅसी आहे (आत वायू उरलाय) किंवा ग्रिड एमिशन आहे (तापून ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडते).

भट्टीचं भरीत:
वरच्याशी सहमत. भर एवढीच, की एक मेणकागदी गळला तर बाकीच्यांवर भरवसा नको. कपलिंगला ०.०१, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घाला. ईएल८४ च्या प्लेटवरचा टोनचा कंडेन्सर विसरू नका; तो किमान १००० व्होल्टचाच हवा, कारण तिथे आवाजाच्या शिखरांना एचटीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज येतं. कॅथोडचा १५० ओहमही मोजा, इतका करंट सोसून तो सरकलेला असतो. सरकला असेल तर वरचा ७६ चा हिशोबही बदलेल.

आणि व्हॉल्व्ह-सॉकेटच्या पिन १, ६, ८ मोकळ्या दिसतात म्हणून तिथे डाग (सोल्डर) देऊ नका भो. त्या काचेच्या आत जोडलेल्या असू शकतात.

पाचोरेकर:
टोक सोडवून पंचवीस मिनिटं चालवला. पिन २ शून्य, पिन ३ वर ८.३. १५० ओहम मोजला, १५८ आहे.

तापीकाठ:
मग व्हॉल्व्ह निर्दोष. १५८ चालेल, हात लावू नका. नवा कंडेन्सर बसवताना व्हॉल्व्हच्या काचेपासून बोटभर लांब ठेवा, पाय आखूड. पहिल्यांदा ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून लावा: भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. रीडिंग मात्र बल्ब काढूनच घ्या. आणि मागच्या बाजूचा व्होल्टेज टॅप बघा. २२० वर असेल तर २४० वर न्या. शेतीचे पंप बंद झाले की आपल्याकडे लाइन २५० ला टेकते, मग फिलामेंटही जास्त तापतात.