शब्दचर्चा : ऑस्टिओलिसिस म्हणजे 'हाडाची झीज' का?

पत्रककार : कृत्रिम खुब्यावरच्या रुग्णपत्रकात 'वेअर' आणि 'ऑस्टिओलिसिस' दोन्हींना 'झीज' लिहिलंय. चालेल?

अस्थिशल्य : अजिबात नको. झिजते ती कृत्रिम सांध्यातली पॉलिएथिलीन या प्लास्टिकची वाटी. तिच्यातून सुटणारे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. भक्षकपेशी ते गिळतात, पण प्लास्टिक पचत नाही. मग त्या दाहकारक रेणू सोडत राहतात आणि त्यांच्या चिथावणीने ऑस्टिओक्लास्ट पेशी शेजारचं हाड खातात. हेच ऑस्टिओलिसिस. 'हाडाची झीज' वाचणारा रुग्ण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, समजून कॅल्शियम घेत बसेल. त्याने ही पोकळी भरत नाही.

पत्रककार : मग 'अस्थिविलय'?

अस्थिशल्य : अहवालात ठीक. रुग्णासाठी 'हाड पोखरलं जाणं'. वाळवी लागलेल्या लाकडासारखंच, वरून बराच काळ काही कळत नाही. दुखायला लागतं ते बहुधा सांधा सैल झाल्यावर किंवा हाड मोडल्यावर, म्हणून दुखत नसलं तरी ठरावीक काळाने एक्स-रे हवा. वाटी वर्षाला 0.1 मिमीपेक्षा कमी झिजत असेल तर पोखरण क्वचितच दिसते.

स्लाइडवाला (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासणारा) : 'डेब्री'ला, म्हणजे त्या सुटलेल्या कणांना, 'भुगा' म्हणू नका, भुगा डोळ्यांना दिसतो. 'झीजकण' बरा. ध्रुवित प्रकाशात पॉलिएथिलीनचे कण पांढरे चमकतात. धातूचे काळेच राहतात. कृत्रिम सांधा हाडात बसवायचं सिमेंट स्लाइड बनवताना झायलीन या द्रावकात विरघळून जातं, त्याच्या जागी नुसती भोकं उरतात.

अस्थिशल्य : सिमेंटवरून आठवलं. 1987 मध्ये या पोखरणीला 'सिमेंट डिसीज' असं नाव पडलं होतं. पुढे सिमेंट न वापरलेल्या सांध्यांभोवतीही तशाच पोकळ्या दिसल्या. नावाने भलत्यालाच आरोपी केलं होतं!

पत्रककार : 'मेटॅलोसिस' आणि 'स्यूडोट्यूमर'?

स्लाइडवाला : पहिल्याला 'धातुबाधा', विषबाधेच्या चालीवर. धातूच्या कणांनी ऊती करड्या-काळ्या पडतात. दुसऱ्याला 'छद्मअर्बुद' लिहाल तर रुग्ण 'अर्बुद' एवढंच वाचेल. 'खोटी गाठ'ही नको. गाठ खरीच असते, खोटा असतो तो कॅन्सर. 'कर्करोग नसलेली गाठ' लिहा, लांब झालं तरी.

अस्थिशल्य : आणि ही गाठ प्लास्टिकच्या पानावर टाकू नका. ती मुख्यतः धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांची गोष्ट. तिथे भक्षकपेशींबरोबर लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीही जमतात, आणि हाडाइतकंच नुकसान स्नायूंचं होतं. ते एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. अशा सांध्यातून रक्तात उतरणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम धातूंसाठी ब्रिटिश नियामकाने दिलेली 7 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही पातळी पुढच्या तपासणीची आहे. पत्रकात तिला 'विषारी मात्रा' म्हणू नका.