लग्नाची डीव्हीडी अर्ध्यावर अडकतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. २००७ सालच्या आमच्या लग्नाचं शूटिंग तीन डीव्हीडींवर आहे. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा आणला. दोन डिस्क कॉपी झाल्या. तिसरी, नेमकी सप्तपदीची, अर्ध्यावर अडकते. ओरखडा एकही नाही, पण कडेचा रंग फिका पडलाय. राइट केलेल्या डिस्कमध्ये डेटा रंगद्रव्याच्या थरात असतो आणि तो ऊन-दमटपणाने खराब होतो, एवढं कळलं. (आमची सतरा वर्षं कोकणातल्या कपाटात. म्हणजे झालंच!) डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधला डेटा काढणारं सॉफ्टवेअर) अशी डिस्क कुणी वाचवली आहे का? वाचण्याचा वेग कमी करून किंवा ड्राइव्ह बदलून फरक पडतो का? आणि निघालेल्या व्हीओबी फाइल्स (डीव्हीडीवरच्या मूळ व्हिडिओ फाइल्स) तशाच ठेवू की एमपी-फोर करू? सासूबाई रोज विचारतायत हो.