मदत हवी आहे: फादर व्हावंसं वाटतंय, पण हे पाचारण (देवाचं बोलावणं) की लग्नातून पळवाट?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय २६, बी.कॉम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. कॅथलिक आहे, आमच्यात फादर लग्न करत नाहीत. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. घरात आई, कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण आणि मी.

लहानपणी वेदीसेवक होतो तेव्हा "मी फादर होणार" म्हणायचो, पण ते पोरं पोलीस होणार म्हणतात तसलं. दहावीनंतर विसरूनही गेलो. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आमचे त्या वेळचे फादर संध्याकाळी येऊन बसायचे. फार बोलायचे नाहीत. एकदा मी कामावरून आलो तर ते खाली बसून बाबांच्या पायाची नखं कापत होते. मला बघून म्हणाले, "नेलकटरला धार नाही रे तुमच्या." तेव्हापासून जे आत जाऊन बसलंय ते निघत नाही.

दिवाळीनंतर आईने मुली बघायला घेतल्या. एक स्थळ खरंच चांगलं होतं. मी नाही म्हटलं आणि कारण सांगता येईना. शेवटी तीन आठवड्यांनी बोललो. आई घरी टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर पैसे. ती शिवत होती, मी शेजारी बसून सुटे धागे कापत होतो, आणि तोंडातून निघून गेलं. तिने मशीन थांबवलं नाही. डझन पुरा केला, गठ्ठा बांधला, मग म्हणाली, "मुलगी पसंत नव्हती तर तसं सांगायचं की. देवाला कशाला मध्ये आणतोस?"

लागलं, कारण माझीही शंका तीच आहे. त्यात आईचं माहेर प्रोटेस्टंट. मामा पास्तर आहे, तो म्हणतो, "मी बायकोपोरं सांभाळून सेवा करतोच की. तुमच्यात एकट्यालाच का घेतात?" मला धड उत्तर देता आलं नाही.

तर पाचारण खरं की खोटं हे कसं ओळखायचं? मी एकुलता एक मुलगा, घराच्या कर्जाचे अडीच लाख बाकी आहेत. अशा माणसाने जावं का? नंतर आईला पैसे देता येतात का? आणि माझं इंग्रजी यथातथाच आहे, त्याचं काय?

(देव आहे की नाही यावर कृपया वेगळा धागा काढा.)

जुना_सेमिनेरियन: मी चार वर्षं सेमिनरीत (फादर व्हायचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत) होतो, बाहेर पडलो, आता दोन मुलं आहेत. तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

जेझुइट संघ काढणारे संत इग्नेशियस आधी शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्पलोनाला तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन्महिने पडून. कधी एका बड्या घरच्या बाईसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्नं रंगवायचे, कधी संतांसारखं जगायची. रंगवताना दोन्हीत सारखीच मजा. फरक नंतर कळला: पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. तुम्हीही तेच करून बघा. एक दिवस स्वतःला नवरा, बाप म्हणून डोळ्यांपुढे आणा, एक दिवस फादर म्हणून. त्या क्षणाचं सोडा, दोन तासांनी काय उरतं ते वहीत लिहा. महिनाभर.

आणि त्यांचाच दुसरा नियम: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. मामाशी वाद झाला त्या रात्री काहीही ठरवू नका.

लग्नाची भीती आहे म्हणून जात असाल तर नका जाऊ. माझ्या बरोबरचे असे दोघं होते. ज्याला संसार नकोच आहे त्याने तो सोडला म्हणण्यात काय अर्थ? तुम्हाला ती मुलगी चांगली वाटली, हे मला उलट बरं लक्षण वाटतं.

शेवटचं. घरी बसून याचा निकाल लागत नाही. सेमिनरी म्हणजे तपासणीच, दोन्ही बाजूंनी. एक तयारीचं वर्ष, मग कायद्याने किमान सहा वर्षं, त्यातली दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची, शिवाय मध्ये बहुधा एखादं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. आधी डीकन, त्यानंतर निदान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा, म्हणजे फादर होणं. डीकन होईपर्यंत कधीही उठून येता येतं. मी आलो. घरच्यांनी वर्षभर तोंड पाडलं, मग सवय झाली.

फादरची_ताई: भाऊ फादर आहे म्हणून पैशाचं सांगते. धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या हद्दीतले) फादर आणि संघाचे फादर यात गल्लत करू नका. संघाचे (जेझुइट, सलेशियन वगैरे) दारिद्र्याचं व्रत घेतात, स्वतःचं काही ठेवत नाहीत. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य पाळतात, बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत नाही. जो थोडा भत्ता मिळतो त्यातून आईला देता येतं. थोडाच असतो, त्यावर घर चालणार नाही. आणि कुणाला जामीन राहायचं तर बिशपांना विचारावं लागतं. आमच्या काकांना हे आजतागायत पटलेलं नाही!

फेडता न येणारं कर्ज असलं तर संघ नवशिक्या म्हणूनही घेत नाहीत. तेव्हा आधी अडीच लाखांचं बघा. बहिणीची नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं थांबलात तर देव पळून जात नाही. गुरुदीक्षेला २५ पूर्ण लागतात, ते तुमचे झालेच आहेत.

इंग्रजीचं टेन्शन सोडा. संत जॉन व्हियानींना लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून परत पाठवलं होतं. १८१५ मध्ये गुरुदीक्षा झालीच, आणि आज ते धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांचे आश्रयदाते संत आहेत.

पाव_चटणी: मामांना सांगा, पास्तरीणबाईंनाही विचारून बघा एकट्याला का घेतात ते 😀

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. वही सुरू केली, आज अठरावा दिवस. नवरा-बाप वाल्या पानांवरसुद्धा बरंच चांगलं निघतंय, त्यामुळे गोंधळ वाढलाच, पण निदान खोटं वाटत नाही. फादरांना भेटलो. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, म्हणून ते तिथल्या व्होकेशन डायरेक्टरांशी (फादर होऊ इच्छिणाऱ्यांचं बघणाऱ्यांशी) बोलणार आहेत. आधी नुसतं 'या आणि पाहा' शिबिर, दोन-तीन दिवसांचं. हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन येईन. कारखान्यात रजेचं कारण 'घरगुती काम' लिहिलंय.

मामाच्या प्रश्नाला फादर म्हणाले, "तुझा मामाही खरंच सेवा करतो. तुला कशी करायची आहे तेवढं बघ." मामाला सांगितलं तर तो गप्प बसला, आणि ते त्याला शोभत नाही.

परवा आईने काही न बोलता ट्रंकेतून माझा बाप्तिस्म्याचा दाखला काढून टेबलावर ठेवला. पण दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशन विधीचा) सापडत नाही. ते बाबांची बदली होती तेव्हा दुसऱ्या गावी झालं. आता तिकडे जावं लागेल का?

फादरची_ताई: नाही. बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या चर्चमध्ये जा आणि ताजा दाखला मागा, जुना चालत नाही. दृढीकरण कुठेही झालं तरी ते बाप्तिस्म्याच्या नोंदीतच चढवायचं असतं. तसंच लग्नाचंही आणि गुरुदीक्षेचंही. तुमचं झालेलं चढवायचं राहून गेलं असलं तर मात्र त्या गावच्या फादरांना पत्र.