उद्यमबागची भट्टी मोठी की खानापूरचा आवा?

उद्यमबागकर: परवा भाच्याला आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, दाखवायला नेलं. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतताना बघून पोरगं गप्पच झालं. तेव्हापासून डोक्यात आहे, माणूस खरा घडला तो धातूनं. दगडाची हातकुऱ्हाड लाखो वर्षं जवळजवळ तशीच राहिली. तांबं हाती आलं आणि सात-आठ हजार वर्षांत आपण कुठल्या कुठं! कांस्याला कथील लागतं, ते मोजक्याच मुलखात मिळतं. म्हणून चांगलं हत्यार बड्यांच्याच हाती. लोखंडाचा दगड मात्र गावोगावी. हावेरीकडच्या हल्लूरला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं लोखंड सापडलंय. कुणब्याच्या हातात विळा आला तो लोहारामुळं.

खानापूरची सून: आणि लोहाराला आच कुणी शिकवली? तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. तीन दगडांच्या चुलीवर होईल का ते? आमच्या सासरी मडकी आणि कौलं भाजतात. आव्यात वारा कुठून घ्यायचा, कधी झाकायचं, हे सासरे नुसत्या जाळाच्या रंगावरून सांगतात. ही अक्कल धातूच्या आधीची. चीनमध्ये २० हजार वर्षांपूर्वीची मडकी मिळालीत. नुसता विस्तव म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत दहा लाख वर्षांपूर्वीची राख आहे. तुमचा लोहार काल आला हो.

अनगोळचा फिटर: काय बोलायलाय वहिनी! मडक्यानं जमीन नांगरून दाखवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला आपल्याच बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, पुढं लोखंडी नांगर काढला. लोक म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. मग तोच नांगर सगळ्यांनी घेतला की.

खानापूरची सून: म्हणजे हजारो वर्षं लाकडी नांगरावरच पोट भरलं ना? (फाळ लोखंडाचा होता, मान्य. मीच सांगून टाकते.) आणि कन्नडमधला उक्कु, म्हणजे पोलाद, ज्यावरून इंग्रजांचा वूट्झ शब्द आला म्हणतात, ते बनायचं कशात? मातीच्या मुशीत. लोखंड आणि लाकडाचे तुकडे आत घालून तोंड मातीनं लिंपायचं. मूस तडकली की माल गेला.

निपाणीकर: भांडा दोघं, पण झाडांचं कोण बोलणार? आवा असो की भाता, जळण जंगलाचंच. इंग्लंडात १७०९ ला अब्राहम डार्बीनं कोकवर, म्हणजे भाजून काढलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळलं, त्याआधी तिथंही लाकडी कोळसाच. इतिहास घडवला म्हणताना उजाड डोंगरही त्याच खात्यावर मांडा.

उद्यमबागकर: निपाणीकर, हे बरोबर. पण आता आमच्याकडं इंडक्शन फर्नेस आहे. विजेवर चालते, जाळ नावाला नाही.

अनगोळचा फिटर: घ्या! म्हणजे विस्तव गेला, धातू राहिला. वहिनी, बोला आता.

खानापूरची सून: बोलते की. त्या भट्टीतला रस ओतता कशात?

उद्यमबागकर: साच्यात.

खानापूरची सून: साचा कशाचा?

उद्यमबागकर: वाळू, बेंटोनाईट आणि पाणी... बरं, बेंटोनाईट म्हणजे मातीच. पण गिऱ्हाईक पैसे कास्टिंगचे देतं, साचा आम्ही फोडून टाकतो.

खानापूरची सून: फोडलेली वाळू परत वापरता की नाही, तेवढं सांगा.