अनुभव धागा: कुत्र्यांची ढास (केनेल कफ), तुमच्याकडे कशी कळली, कशी बरी झाली?

दिवाळीत चार दिवस गावी गेलो तेव्हा शेरूला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. घरी आणल्यावर सहाव्या रात्री हॉलमधून जुन्या रिक्षाच्या भोंग्यासारखा आवाज आला. मान लांब करून खोकत होता, शेवटी उमासा येऊन पांढरा फेस पडला. हाड अडकलं असं वाटून मी सरळ तोंडात बोटं घातली. सकाळी डॉक्टरांनी आधी विचारलं, रेबीजची लस वेळेवर आहे ना? रेबीज झालेलं कुत्रंही घशात काही अडकल्यासारखं दिसतं, त्यामुळे असा हात घालायचा नाही. लस झालेली होती, पण ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी श्वासनलिका बाहेरून हलकेच दाबली आणि लगेच ढास लागली. केनेल कफ, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला, असं निदान झालं. ताप १०२, म्हणजे कुत्र्यासाठी नेहमीचाच. खाणं-खेळणं व्यवस्थित. अँटिबायोटिक न देता विश्रांती सांगितली, गळपट्ट्याऐवजी हार्नेस. बारा दिवसांत थांबलं. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.

ठाणे, दोन देशी कुत्री
मोठी खोकायला लागली त्याच दिवशी धाकट्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, पाण्याची भांडी वेगळी केली. तरी पाचव्या दिवशी तोही खोकला. लक्षणं दिसायच्या आधीच लागण झालेली असते, हे तेव्हा कळलं. बागेत येणाऱ्या सगळ्यांना मी लगेच कळवलं आणि तीन आठवडे आमची दोन्ही तिकडे नेली नाहीत. कळवायला संकोच वाटतो, पण कळवाच. तिथे दोन महिन्यांची पिल्लं येत होती.

सातारा, लॅब्राडॉरचं पिल्लू
वरचं वाचून लिहायला बसले. आमचं पिल्लू दहा आठवड्यांचं, आणलं तेव्हाच ठसकत होतं. चौथ्या दिवशी खोकला कमी झाला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. खरं तर खोकायचीही ताकद उरली नव्हती. दूध तोंडाला लावेना, नाकातून पिवळट शेंबूड, झोपेत श्वास मोजले तर मिनिटाला ६०. ताप १०४. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. सलाईन, अँटिबायोटिक, दिवसातून तीनदा नेब्युलायझर आणि नंतर पाठीवर हलक्या थापट्या, कफ सुटावा म्हणून. रात्री मी आणि सासूबाई आळीपाळीने जागायचो. सातव्या दिवशी त्याने स्वतःहून वाटीत तोंड घातलं तेव्हा त्या देवापाशी जाऊन बसल्या. पिल्लाच्या बाबतीत खोकला किती आहे यापेक्षा खातंय का आणि श्वास कसा चाललाय ते बघा. ते बिघडलं तर उद्यावर टाकू नका.

नागपूर, पॉमेरेनियन, वय ११
आम्हाला चौघांनी सांगितलं, केनेल कफच आहे, वाफ द्या. पण चिंगी महिनोन्‌महिने दुसऱ्या कुत्र्याजवळ गेली नव्हती आणि खोकला मुख्यतः रात्री, आडवी झाली की. शेवटी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाची झडप गळत होती. लहान जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा त्रासही असतो, त्याचा आवाज हुबेहूब असाच येतो असं डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला फोनवर आवाज ऐकवून ठरवू नका, तपासून घ्या.

डोंबिवली
घरातलं खोकल्याचं औषध चमच्यात ओतलं होतं, फोनवर डॉक्टरांनी थांबवलं. माणसांच्या औषधात पॅरासिटामॉल असू शकतं आणि शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल, दोन्ही कुत्र्याला विषारी. त्यांच्या सांगण्यावरून कोमट पाण्यात अर्धा चमचा मध दिला. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं वाफेत घेऊन बसायचे. रात्रीची उबळ त्याने बरीच निवली.

न्यू जर्सी
इथे डेकेअरला बोर्डेटेलाच्या लसीचा दाखला लागतो. नाकात थेंब घातले, दोन दिवस शिंकत होता. पुढे खोकला झालाच, पण चार दिवसांत गेला. या दुखण्यामागे एकटा बोर्डेटेला जिवाणू नसतो, पॅराइन्फ्लुएंझासारखे विषाणूही असतात, एका लसीत सगळं येत नाही.

ठाणे
@न्यू जर्सी, आमच्या दोघांना नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्रित लस) दिलेली होती, मग का झालं?

न्यू जर्सी
त्यात पॅराइन्फ्लुएंझा असतो, बोर्डेटेला नसतो. त्याची लस वेगळी मागून घ्यावी लागते. नाकातल्या थेंबांचा परिणाम तीनेक दिवसांत सुरू होतो. इंजेक्शन पहिल्यांदा घेताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पुढच्या दिवाळीला बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर दसऱ्याच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

नाशिक, वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालते
आमच्या गल्लीतल्या काळूला चार दिवस खोकला आहे. डोळ्यांना चिपडं, नाक वाहतंय, आज खायलाही उठला नाही. लस कधीच झालेली नाही. हेच असेल का?

धागाकर्ती
ताई, डोळे-नाक वाहणं, मरगळ आणि लस नाही, हे ऐकून डिस्टेंपरची (कुत्र्यांचा एक गंभीर विषाणूजन्य रोग) भीती वाटते. तोही खोकल्याने सुरू होऊ शकतो. त्याला हाताने भरवू नका, भांडं वेगळं ठेवा आणि डॉक्टरांना आजच्या आज बोलवा. काय म्हणाले ते इथे कळवा, मी रात्री परत बघते.