मदत हवी आहे: कॅम्परव्हॅन, कुत्री आणि गुहागर ते गणपतीपुळे

मंडळी, डिसेंबरात भाड्याच्या कॅम्परव्हॅनने गुहागरहून निघतोय. आम्ही दोघं आणि आमची लॅब्रेडोर, शेरी. सकाळी लवकर गुहागरच्या किनाऱ्यावर तिला पळवायचं, मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड आणि संध्याकाळी पुळं.

खरी अडचण देवळांची. दर्शन आळीपाळीने घेऊ, पण पुळ्याला डोंगराची प्रदक्षिणाही करायची आहे. कोकणात डिसेंबरातसुद्धा दुपारी बंद गाडी भट्टीसारखी तापते, काच थोडी खाली ठेवून भागत नाही. म्हणून एकजण तिच्याजवळ थांबणारच. हेदवीला झाडाच्या सावलीत गाडी लावायला जागा आहे का?

फेरीबोटीत तिला गाडीतच बसू देतात की उतरवावं लागतं? इंजिनाच्या आवाजाला ती बिचकते (फटाक्यांना मात्र नाही!). हेदवीच्या किनाऱ्यावरच्या बामणघळीच्या (खडकातली अरुंद घळ, भरतीला तिच्यात लाटा उसळतात) खडकांवर कुत्रा न्यावा का? भरतीच्या वेळी तर मला नकोच वाटतं.

रात्री मालगुंडकडे कुणाच्या अंगणात गाडी लावून पाणी आणि विजेचा एक पॉइंट मिळेल का? पैसे अर्थातच देऊ. किनाऱ्यावरची गावकुत्री त्रास देतात का, तेही सांगा.